त्यांनी त्यांना मारले

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नव्हती. बाबा फौंड्रीत होते आणि तिथल्या दणदणाटानं त्यांचे कान चाळिशीच्या आतच कामातून गेले होते. चहा टाकू का, एवढं विचारायचं तरी आई अशा आवाजात विचारायची, की भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातून 'नको, आत्ताच झाला' असं उत्तर यायचं. पिंपरीतल्या त्या दोन खोल्यांत गुपित म्हणून काही टिकलंच नाही. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाला खात्यात मेमो मिळाला, सगळं गॅलरीभर व्हायचं. सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा, त्यामागोमाग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग आईच्या भाकरीचे थपके. बाबा घरी आले की त्यांच्या शर्टाच्या खिशातून, मोज्यांतून, कधीकधी कानातूनसुद्धा फौंड्रीची काळी वाळू गळायची. जेवताना डाळीत कचकन काही लागलं की आई म्हणायची, कंपनीची आहे, खा मुकाट्यानं. सुकटीची चटणी आणि त्या वाळूची कच हे दोन्ही मला अजून एकदमच आठवतं. आता महागाच्या हॉटेलात जेवताना दाताखाली काहीच येत नाही, तेव्हा काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

मी औषधांच्या कंपनीत होते. काम सोपं आणि डोकं उठवणारं. इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या एकेक करून उजेडासमोर धरायच्या आणि आत काही तरंगतंय का ते बघायचं. केस, काचेची कपची, धूळ. दिसलं की बाटली बाजूला. दिवसभर हेच करून माझी नजर अशी झाली, की घरी आल्यावरही समोरच्या माणसाला मी उजेडासमोर धरल्यासारखीच बघायची. याचा मला तोटा झाला. लग्नासाठी तोवर मला दोनदा पाहून झालं होतं. पहिल्या मंडळींनी मला खोलीतल्या खोलीत चालायला लावलं आणि मग मुलगी उंच आहे म्हणून कळवलं. तेवढं तर मी बसलेली असतानाही दिसत होतं. दुसऱ्यांच्या आत्याबाईंना मला वाचता येतं का ते पाहायचं होतं, म्हणून त्यांनी पेपर पुढे केला. मी त्यांना ठळक आवाजात कांद्या-बटाट्याचे बाजारभाव वाचून दाखवले. त्यांचा निरोप आला की मुलगी तशी बरी आहे, पण बघते फार. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता, त्याच्याकडे नाही बघायचं तर काय भिंतीकडे बघायचं?

तिसरं स्थळ मामानं आणलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बाबांच्याच खात्यात होता, पण बाबांची पहिली पाळी असली की याची दुसरी. त्याच्या ओळखीतला मुलगा महाळुंग्याचा, नाव सुधाकर, चिंचवडच्या एका कंपनीत पेंट शॉपला. रोज महाळुंग्याहून सायकल मारत कामावर येणारा. तेव्हा महाळुंग्याला ज्वारी होती, कांदा होता आणि संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. आता त्याच रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकून माझी निम्मी हयात गेली. तर हा मुलगा कंपनीच्या टीममधून बॉक्सिंग खेळायचा. बाबांना ते कळेपर्यंत तीनदा सांगावं लागलं. आधी त्यांना वाटलं मुलगा बॉक्स बनवतो, पॅकिंगला आहे. मग कळलं तेव्हा त्यांनी एकच शंका काढली, घरी आल्यावरही तेच करतो का.

मी मात्र यावेळी अडून बसले. मला दोनदा बघून गेले, तेव्हा आता आधी मी मुलगा बघणार, मग तो मला बघेल, असं मी जाहीर केलं. जाहीर म्हणजे बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे सगळ्या चाळीला. आईनं कपाळाला हात लावला. मामाकडे मुलाचा फोटो होता, पण तो अख्ख्या टीमचा, त्यात सगळी तोंडं हरभऱ्याएवढी. मग मामालाच कल्पना सुचली. येत्या रविवारी मुंबईत कामगारांच्या बॉक्सिंगच्या स्पर्धा होत्या, त्या टीव्हीवर दाखवणार होते आणि सुधाकरची लढत त्यात होती. रविवारी बघ हवा तेवढा, गुरुवारी कंपन्यांची सुट्टी, तेव्हा मी त्याला घरी घेऊन येतो, असं मामा म्हणाला. त्याला स्वतःला बघता येणार नव्हतं, रविवारी त्याची दुसरी पाळी. पण ओळखायचा कसा, असं आईनं विचारल्यावर तो हसला. टीव्हीवर नाव घेऊन सांगतात की सगळं, त्यासाठीच तर माणूस बसवलेला असतो.

टीव्ही आमच्या मजल्यावर फक्त घोलपकाकूंकडे होता. घोलपकाका सुपरवायझर. टीव्हीला लाकडी पेटी, पेटीला सरकती दारं, दाराला कुलूप आणि कुलपाची किल्ली काकूंच्या मंगळसूत्रात. अँटेनाचं तोंड सिंहगडावरच्या टॉवरकडे. काकूंचं माहेर निघोज्याचं, जीभ तिथलीच आणि आवाज बाबांच्या कानांना न सांगता पुरणारा. टीव्हीसमोर त्यांची एक खुर्ची ठरलेली होती आणि कार्यक्रम कुठलाही असो, त्यावर त्यांचं स्वतःचं बोलणं अखंड चालू असायचं. खरं सांगायचं तर आमच्या मजल्यावर टीव्ही बघायला लोक त्यासाठीच यायचे. कारण टीव्हीवर खेळांचं वर्णन करायला जो माणूस यायचा, त्याच्याइतका खेळांशी संबंध नसलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. एरवी तो शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात खतांविषयी सांगायचा, म्हणून काकूंनी त्याचं नाव खतवाला ठेवलं होतं. वांग्यावरची कीड आणि पोहण्याची शर्यत दोन्ही तो एकाच सुरात सांगायचा. पोहण्याच्या शर्यतीत त्याचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. "स्पर्धक पाण्यात आहेत." त्यानंतर बराच वेळ तो काही बोललाच नाही. काकू टीव्हीला म्हणाल्या, आरं, बुडाला का काय तू पण?

आता आमच्या घरात भिंतभर टीव्ही आहे. एकेक ठोसा दहा बाजूंनी, सावकाश, पुन्हा पुन्हा दाखवतात, आणि तिघं-तिघं जाणकार एकदम बोलत असतात. नातू म्हणतो, आजी, तुमच्या वेळी हे काहीच नव्हतं ना? मी म्हणते, नव्हतं, आणि एक होता तोही खतवाला. पण हे तिघं जेवढं बोलतात त्यातलं किती खरं असतं याची मला त्या रविवारपासून कायमची शंका आहे.

तर रविवारी बाबा पहिली पाळी करून आले, अंगावर पाणी घेतलं, धुतलेला शर्ट घातला आणि आम्ही तिघं काकूंकडे गेलो. मुलगा बघायला जातो आहोत हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकूंनी सगळ्यांना चहा केला, चिवडा दिला आणि मला पुढे बसवलं. बाबा टीव्हीच्या शेजारी जमिनीवर बसले आणि पेटीच्या बाजूला जिथून आवाज येतो तिथे कान लावला. त्यामुळे त्यांचं तोंड आमच्याकडे आणि पाठ भिंतीकडे. चित्र त्यांना दिसतच नव्हतं, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. बातम्या ते असेच ऐकायचे.

पडद्यावर आधी बराच वेळ हारतुरे चालले होते. प्रमुख पाहुणे, त्यांचा सत्कार, त्यांच्या शेजारच्यांचा सत्कार. मग एकदाची रिंग दिसली. दोन कॅमेरे असावेत. एक हॉलच्या अगदी टोकाला, त्यातून खेळाडू डब्यात पडलेल्या दोन उंदरांएवढे दिसायचे. दुसरा जवळचा, पण त्याच्या वाटेत कुणाची तरी टोपी होती. कॅमेरा बदलला की डावीकडचा खेळाडू उजवीकडे जायचा आणि उजवीकडचा डावीकडे, आणि सगळी खोली पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागायची. खतवाल्यानं घसा साफ केला आणि सांगितलं, लाल कोपऱ्यात आहेत सुधाकर आणि निळ्या कोपऱ्यात आहेत मधुकर. आमच्या टीव्हीत लाल रंग राखाडी होता आणि निळाही राखाडी. काकू म्हणाल्या, "आरं बाबा, काळा-पांढरा सांग की, लाल-निळा काय सांगतुस." जणू त्यांचं ऐकल्यासारखं तो म्हणाला, कुरळ्या केसांचे आहेत ते सुधाकर.

झालं. खोलीभर सुस्कारा सुटला. कारण कुरळ्या केसांचा जो होता तो दिसायला फारच छान होता. सडपातळ, उंच, रिंगमध्ये असा हलायचा की पाय जमिनीला लागतच नाहीत असं वाटावं. त्याच्या पुढ्यातला दुसरा बुटका, रुंद, थोडा फेंगडा, मान खांद्यात गेलेला. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, विमलनं नशीब काढलं. माझं तोंड काय सांगत होतं ते सगळ्यांनी पाहिलं असणार. बाबा पेटीला कान लावून आमच्याच तोंडांकडे बघत होते आणि आमची तोंडं खुललेली पाहून ते खूश होते.

घंटा झाली आणि खतवाला कामाला लागला. त्याच्या भाषेत खेळाडूला एकेरीत बोलायचं नसतं. सगळे आदरार्थी. "त्यांनी त्यांना मारले," तो म्हणाला. मग थांबून, "आता त्यांनीही त्यांना मारले आहे." मग, "पुन्हा त्यांनी." कुणी कुणाला, हे फक्त त्याला माहीत, किंवा त्यालाही नाही. त्यात एक फेरी जरा रंगात आली असताना तो प्रमुख पाहुण्यांच्या द्राक्षबागेकडे वळला. बागेवर भुरीचा रोग पडला होता त्या वर्षी. त्याबद्दल मात्र तो अधिकारानं बोलला. तोवर इकडे कुरळा त्या बुटक्याला धुऊन काढत होता. काकू बुटक्यावर खार खाऊन होत्या. "हे कुणाच्या घरचं ध्यान म्हनायचं? नुसतं मार खातंय. ह्याला कोन देनार पोरगी?" सगळे हसले. मीही हसले.

पण दुसऱ्या फेरीपासून मी खतवाल्याचं ऐकणं सोडून दिलं. त्याच्या 'त्यांनी त्यांना'नं डोकं फिरायला लागलं होतं. मी नुसतं बघायला लागले, बाटली बघतात तसं. आणि मला एक गोष्ट तरंगताना दिसली. तो बुटका मधूनच, काही कारण नसताना, मान वळवून एका बाजूला बघायचा. तिथे एक खांब होता. तो बघायचा आणि कुरळा नेमका तेव्हा त्याच्या तोंडावर ठेवून द्यायचा. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी काकूंना म्हटलं, हा सारखा तिकडे काय बघतोय? काकू म्हणाल्या, दार शोधत आसंल पळायला. मला ते पटलं नाही. पळणाऱ्याचे पाय वेगळे असतात, याचे पाय जागेवर होते. आणि मार खाऊनही तो पुढेच यायचा. डावा हात फार खाली ठेवायचा, तेवढं सोडलं तर त्याच्यात खोट अशी नव्हती.

तिसऱ्या फेरीत हा बुटका एकदाचा आत घुसला, त्यानं खालून हात काढला, आणि पडद्यावर प्रमुख पाहुण्यांना शाल पांघरणं सुरू झालं. शाल खांद्यावरून घसरली, ती पुन्हा पांघरली. नारळ दिला. मागे हॉलमध्ये लोक ओरडत होते, त्यावर खतवाला म्हणाला, प्रेक्षकांत उत्साहाचे वातावरण आहे. चित्र परत रिंगवर आलं तेव्हा दोघेही उभे होते आणि घंटा वाजत होती. मग लांबच्या कॅमेऱ्यातून रेफ्रीची रुंद पाठ दिसली, पाठीच्या दोन्ही बाजूंना दोघे, आणि एक हात वर गेला. कुणाचा हात ते रेफ्रीच्या पाठीलाच ठाऊक. "सुधाकर विजयी झाले आहेत," खतवाला म्हणाला, आणि पडद्यावर फुलदाणी आली आणि सनई सुरू झाली.

बाबा पेटीपासून उठले. सगळी लढत पाठीमागे ठेवून त्यांनी आम्हालाच सांगितलं, जिंकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्यात पेढे वाटले. होणारा जावई टीव्हीवर जिंकला, हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल त्याचा हिशेब नाही, पण त्यांच्या आवाजाचा विचार करता शेजारच्या मशीन शॉपलाही वेगळं सांगायची गरज पडली नसेल. मामालाही ते तिथेच, पाळी बदलताना कळलं. महाळुंग्याला जाऊन विचारावं असं त्याला वाटलं नाही, टीव्हीवर सांगितल्यावर विचारायचं काय? माझं म्हणाल तर ते तीन दिवस मी बाटल्यांमध्ये कुरळे केस शोधत काढले. एकदा खरोखरच एका बाटलीत केस निघाला आणि मी तो जरा जास्त वेळ बघत राहिले, तर आमच्या सुपरवायझर बाई ओरडल्या.

गुरुवारी सकाळपासून घरात धांदल. सुकटीचा डबा गच्चीवर रवाना झाला, चादर बदलली, कोपऱ्यात झाडून झाडून काळी वाळू गोळा केली. आईनं कांदेपोहे केले, वर खोबरं, जे आमच्याकडे एरवी दिसायचं नाही. काकू आल्या होत्याच. मुलगा त्यांच्या टीव्हीतून आलेला, तेव्हा त्यांचा हक्कच होता. मामाचा आवाज जिन्यात ऐकू आला आणि मी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभी राहिले. मामा आत आला. त्याच्या मागून एक बुटका, रुंद माणूस आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डावा डोळा सुजून बंद झालेला. आईनं त्याला या-बसा केलं आणि त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत मामाला विचारलं, "आणि मुलगा?"

"हाच की," मामा म्हणाला.

काकू माझ्या कानाशी वाकल्या. त्यांच्या मते त्या कुजबुजल्या. "आगं, ह्यो तर त्यो मार खानारा हाय." सगळ्या खोलीला ते ऐकू गेलं, बाबा सोडून. त्या माणसानं चपला दाराशी नीट लावल्या आणि काकूंकडे वळून शांतपणे म्हणाला, "व्हय. त्योच मी."

बाबांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी लढत कानानं पाहिली होती, त्यांना कुरळा ठाऊक नव्हता, बुटका ठाऊक नव्हता. ते पुढे आले, त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि मोठ्यानं अभिनंदन केलं. मामा एकाएकी खोकायला लागला. नंतर कळलं की येताना रस्त्यात सुधाकरनं त्याला खरं काय ते सांगितलं होतं, आणि मामानं त्याला बजावलं होतं की तिथं सगळ्यांना तू जिंकलास असं वाटतंय, पेढे वाटून झालेत, तेव्हा तू फक्त पोहे खा. सुधाकरनं मामाकडे एकदा पाहिलं आणि बाबांना म्हणाला, "मी हरलो."

बाबा हसतच होते. "काय म्हणता?"

"मी हरलो, म्हणलं."

"काय?" बाबांनी कान पुढे केला.

त्या माणसावर आलेली वेळ बघा. मुलगी बघायला आलेला, डोळा काळानिळा, समोर खोबरं घातलेले पोहे, आणि आपण हरलो हे त्याला तिसऱ्यांदा, ओरडून सांगायचं होतं. त्यानं श्वास घेतला आणि सांगितलं. पलीकडच्या बिऱ्हाडात भांडी घासत होते, ती थांबली. बाबांनी त्याचा हात सोडला नाही, पण ते खाली बसले, त्यामुळे त्यालाही बसावं लागलं.

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. कुरळा तो मधुकर. तिसऱ्या फेरीत सुधाकरनं त्याला एकदा खाली पाडला होता, पण तो उठला, आणि आधीच्या दोन फेऱ्यांतले गुण त्याचे जास्त होते. काकूंना हे मुळीच पटेना. "पाडला? कवा पाडला? आमी समदे बसलो व्हतो की." सुधाकर म्हणाला, शेवटच्या फेरीत. काकूंनी आठवून पाहिलं. "तवा तर पावन्याला शाल घालत व्हते," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर खतवाल्याला त्यांनी जे काही म्हटलं ते मी लिहिणार नाही.

बाबा मात्र उठले. त्यांनी मामाला आतल्या खोलीत नेलं आणि, हळू बोलावं असं त्यांना मनापासून वाटत असणार, पण आता खात्यात काय तोंड दाखवू, लोकांना काय सांगू, पेढे काय परत मागू, हे सगळं बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं. त्यापेक्षा हे स्थळ राहू दे, दुसरं बघू, हेही ऐकू आलं. सुधाकरनं पोह्यांची बशी हातात धरली होती आणि तो त्यातल्या खोबऱ्याकडे बघत होता. मला काय वाटलं ते नेमकं सांगता येणार नाही. वाईट वाटलं, कुरळा हातचा गेला याचंही वाटलं, आणि रागही आला की माझ्या लग्नाचं शाल-श्रीफळात वाटोळं होतंय. मी आईला म्हटलं, मला यांच्याशी बोलायचंय, गॅलरीत. आमच्यात तेव्हा असं कुणी करत नव्हतं. आई काही म्हणायच्या आत काकूंनीच दार उघडून धरलं.

गॅलरीत शेजाऱ्यांचे लेंगे वाळत होते, त्यांच्या आड आम्ही उभे राहिलो. तो माझ्यापेक्षा जरासा बुटकाच होता. मी त्याला विचारलं, "तुम्ही सारखे त्या खांबाकडे काय बघत होतात?"

तो इतका लाजला की सुजलेला डोळाही लाल झाला. "दिसलं व्हय ते," तो म्हणाला. मग लेंग्याकडे बघत त्यानं सांगितलं, "तिथं कॅमेरा व्हता. मामा म्हनले व्हते, तुमी बघनार हाय. म्हटलं, तोंड तरी सरळ दिसावं. दर टायमाला त्यानं तितंच हानला."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं.

"आन् त्यो कॅमेरा बंद व्हता," तो पुढे म्हणाला. "सकाळीच बिघडल्याला. मागनं कळलं."

त्यावर मी अशी हसले, की खालच्या मजल्यावरून लोक डोकावून बघायला लागले. तोही हसला, एका डोळ्यानं. मग मी त्याला खरं ते सांगून टाकलं, की टीव्हीवाल्यानं तुमचं नाव दुसऱ्याला दिलं होतं आणि चार दिवस मला तो कुरळा आवडला होता. त्यानं यावर विचार केला. "आवडन्यासारखाच हाय त्यो," तो म्हणाला. "मानूस बी चांगला हाय. पन त्याचं लगीन झालंय."

त्याला वाईट वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असलं तरी त्यानं मधुकरला त्याच्या वाट्याचं कौतुक दिलं होतं. मला वाटतं मी तिथेच ठरवलं. पण मी त्याला तसं म्हटलं नाही. मी त्याला म्हटलं, डावा हात फार खाली राहतो तुमचा. तो एकदम सावध उभा राहिला आणि विचारलं, कुठल्या फेरीत? मी सांगितलं, दुसऱ्या फेरीपासून, आणि दमलात की जास्तच. मग तो विचारत गेला आणि मी सांगत गेले, त्याला कुठे लागलं, त्यानं कधी आत घुसायला हवं होतं, मधुकर कुठल्या पायावर फिरतो. आत पोहे गार झाले. लेंगे वाळून त्यांची मालकीण ते काढायला आली, तरी आम्ही बोलतच होतो.

आत गेल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला पसंत आहे, असं मी सांगितलं, आणि बाबांना ऐकू जाईल असं सांगणं म्हणजे काय ते आता तुम्हाला ठाऊक आहे. पलीकडे भांडी पुन्हा सुरू झाली. बाबा फक्त बघू म्हणाले. सुधाकर आणि मामा गेल्यावर त्यांनी उरलेले पोहे खाल्ले आणि झोपेपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत. आमच्या घरातली ती पहिली शांत संध्याकाळ. मला ती मुळीच आवडली नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही, मामानं सांगितलंय. शुक्रवारी तो पहिल्या पाळीला बदली म्हणून गेला होता. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सगळं खातं बसलं होतं, आणि कुणीतरी बाबांना विचारलं, काय, जावईबापू कसे आहेत? बाबांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि सांगितलं, "टीव्हीवाला चुकला. आपला जावई हरला. तो मार खाणारा होता ना, तो आपला."

कँटीनमध्ये दबकं हसू फिरलं. एकानं विचारलं, मग हरलेल्याला कशाला देताय पोरगी? बाबांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही, त्याला पुन्हा विचारावं लागलं. तोवर हसणं थांबलं होतं.

"माझ्या दारात येऊन तीनदा सांगितलं त्यानं, हरलो म्हणून," बाबा म्हणाले. "आपल्या खात्यात रोज कास्टिंग रिजेक्ट होतं. माझ्या हातून गेलं असं म्हणणारा इथला एक दाखवा."

मामा म्हणतो, त्यावर सगळे खाली बघून जेवायला लागले. मग भोंगा व्हायच्या जरा आधी, डबा बंद करता करता कुणीतरी विचारलं, लग्न कधी धरताय?